मनाचा ताण आणि शरीराचें आरोग्य

वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशीं, घंटा होण्यापूर्वीं पंधरा मिनिटें आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत उभें राहून पाहावें. एक विद्यार्थी तिसऱ्यांदां पाणी पिऊन येतो, तर दुसरा तिसऱ्यांदां लघुशंकेस जातो. एका मुलीचे तळहात इतके ओले झालेले असतात कीं, ती ते पुन्हां पुन्हां रुमालास पुसते. आईनें पहाटे उठून केलेला शिरा कित्येकांनीं तसाच ताटांत टाकलेला असतो. हीं सर्व मुलें निरोगी आहेत. आदल्या आठवड्यांत तीं मैदानावर धांवत होतीं. आणि त्यांच्यापुढें आतां येणार आहेत तीं केवळ छापलेल्या कागदाचीं चार पानें. कागद चावत नाहीं, मारीत नाहीं. मग त्याच्या नुसत्या विचारानें तोंडास कोरड कां पडावी, आणि पोटांत कालवाकालव कां व्हावी?

ह्या प्रश्नाचें उत्तर मला फार दिवस ठाऊक नव्हतें, आणि तें ठाऊक नसल्यामुळें माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. कांहीं वर्षांपूर्वीं मी आठवीच्या वर्गास गणित शिकवीत असें. दर सोमवारीं पहिल्या तासास एक लहानशी चांचणी घेण्याचा माझा परिपाठ होता. वर्गांतील एक शांत व कष्टाळू मुलगा लागोपाठ तीन सोमवार पोट दुखतें म्हणून घरीं राहिला; चौथ्या सोमवारीं आला तो पोट धरूनच आला. मीं वर्गादेखत त्यास म्हटलें, "तुझें पोट मोठें हुशार दिसतें; त्याला वार बरोबर समजतो!" वर्ग हंसला. तो मुलगाहि हंसला, आणि तेंच मला पुढें अधिक लागलें. पंधरा दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. डॉक्टरांनीं सर्व तपासण्या केल्या होत्या. पोटांत कोणताहि दोष सांपडला नव्हता. "सर, तो खोटें बोलत नाहीं हो," एवढेंच ती माउली म्हणाली. "रात्रीं झोंपेंतहि पोट धरतो."

झोंपेंत कोणी ढोंग करीत नाहीं. त्या दिवसापासून ह्या विषयावर मिळेल तें मीं वाचण्यास आरंभ केला. त्यांतील जें मुलांस व त्यांच्या पालकांस समजून घेणें उपयोगाचें आहे, तें येथें सांगतों.

मन आणि पोट ह्यांचा संबंध प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याची संधि वैद्यकशास्त्रास एका अपघातामुळें लाभली. १८२२ सालीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुण कॅनेडियन माणसाच्या पोटांत चुकून बंदुकीचा बार उडाला. विल्यम बोमाँट नांवाच्या लष्करी डॉक्टरांनीं त्याचा जीव वांचविला, परंतु जखम भरून आल्यावरहि थेट जठरापर्यंत जाणारें एक छिद्र कायमचें राहून गेलें. त्या छिद्रांतून बोमाँट ह्यांनीं पचनाचे दोनशेंहून अधिक प्रयोग केले व १८३३ सालीं ते ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनीं अशी नोंद केली आहे कीं, त्या मनुष्यास राग आला किंवा भीति वाटली म्हणजे जठराच्या आंतील अस्तराचा रंग पालटे व पाचक रसाचा पुरवठा बिघडे. (बिचाऱ्या सेंट मार्टिनला राग येण्यास कारणेंहि पुष्कळ होतीं. ज्याच्या पोटांत डॉक्टर वर्षानुवर्षें दोऱ्यास बांधून मांसाचे तुकडे सोडतात, त्यानें शांत तरी कसें राहावें?)

पुढें १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला, आणि लवकरच हार्वर्ड विद्यापीठांतील वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी त्या किरणांच्या साह्यानें मांजराच्या जठराची हालचाल पाहूं लागला. मांजर स्वस्थ असे तोंवर जठरावर एकामागून एक लाटा उठत. परंतु तें घाबरलें किंवा चिडलें कीं लाटा थांबत. कुरवाळून शांत केलें कीं पुन्हां सुरू होत. हाच धागा धरून कॅनन ह्यांनीं पुष्कळ वर्षें संशोधन केलें, आणि भीति व क्रोध ह्यांमुळें शरीरांत होणाऱ्या फेरफारांवरील त्यांचा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांतील विवेचनाचें सार असें. समजा, तुम्ही पायवाटेनें चाललां आहांत आणि समोरून उधळलेला बैल येतो आहे. विचार करण्यास वेळ नाहीं. मेंदूंतून निघालेली आज्ञा मज्जातंतूंवाटे क्षणार्धांत मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथींस पोंचते. त्यांस अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. त्यांतून अ‍ॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत मिसळतो. हृदय जलद उडूं लागतें, श्वास वाढतो, यकृत आपल्या कोठारांतील साखर रक्तांत सोडतें, डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात, पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें, अंगास घाम सुटतो. अशा घटकेस जेवण पचविणें हें अगदींच गौण काम. म्हणून लाळ आटते व जठर थांबतें. मुलांनो, परीक्षेच्या सकाळीं शिरा घशाखालीं कां उतरत नाहीं, हें आतां तुमच्या ध्यानांत आलें असेल. तुमच्या शरीरानें बैल पाहिलेला असतो.

ही व्यवस्था मुळांत वाईट नाहीं; तिच्यावांचून आपले पूर्वज जगलेच नसते. थोड्या ताणानें लक्ष एकाग्र होतें व हात लवकर चालतो, हेंहि खरें आहे. मात्र ताण फार वाढला म्हणजे काम बिघडतें, आणि काम जितकें नाजूक तितकें तें लवकर बिघडतें. १०० मीटर धांवणाऱ्यास जेवढी उत्तेजना मानवते, तेवढी भूमितीचा सिद्धांत आठवणाऱ्यास मानवत नाहीं. तेव्हां "मला भीतीच वाटूं नये" अशी इच्छा करणें व्यर्थ आहे, व तशी आवश्यकताहि नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे. बैल निघून जातो. घटकाभरानें तुम्ही पारावर बसून तीच हकीकत रंगवून सांगतां, भूक लागते, रात्रीं गाढ झोंप येते. शरीरास असें पूर्वस्थितीवर येतां आलें म्हणजे त्या धांवपळीनें सहसा त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मनुष्यास कल्पनाशक्ति लाभली असल्यामुळें त्याला न आलेला बैलहि दिसतो, आणि गेलेला बैल पुन्हां पुन्हां दिसतो. उद्यांची चांचणी, महिनाअखेरचा कर्जाचा हप्ता, चुकलेली लोकल गाडी, रात्रीं दहा वाजतां वरिष्ठांचा मोबाईलवर आलेला निरोप, शेजारच्या मुलाचे टक्के! ह्यांपैकीं कशापासूनहि पळून जातां येत नाहीं, आणि कशालाहि ठोसा मारतां येत नाहीं. शरीर मात्र प्रत्येक वेळीं पळण्याचीच तयारी करितें, व ती तयारी अंगांतच मुरते.

अशा न संपणाऱ्या ताणाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष विशेषतः वेधलें तें हान्स सेल्ये ह्यांनीं. कॅनडांतील माँट्रिअल येथें काम करीत असतां १९३६ सालीं त्यांनीं 'नेचर' ह्या साप्ताहिकांत एक छोटेंसें टिपण प्रसिद्ध केलें. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य, असा कोणताहि त्रास दिला तरी शरीरांतील चित्र एकच दिसे: अधिवृक्क ग्रंथि वाढून मोठ्या झालेल्या, रोगप्रतिकाराशीं संबंध असलेली छातींतील थायमस ग्रंथि आक्रसलेली, आणि जठरांत व्रण. ह्यांतील मर्म पुढें अधिक उलगडलें. अ‍ॅड्रिनॅलिनचा जोर कांहीं मिनिटांत ओसरतो. परंतु त्याच ग्रंथींच्या बाहेरील थरांतून येणारा कॉर्टिसोल नांवाचा दुसरा रस सावकाश चढतो व अधिक वेळ रेंगाळतो. तोहि शरीरास आवश्यकच आहे. रोज पहाटे त्याचें प्रमाण वाढतें व रात्रीं उतरतें. पण रात्रंदिवस तो चढलेलाच राहिला तर झोंप तुटते, रक्तदाब व रक्तांतील साखर वाढूं लागते, आणि रोगांशीं झुंजण्याची शक्ति दबते.

ही शेवटची गोष्ट कोणास अतिशयोक्तीची वाटेल, म्हणून दोन प्रयोग सांगतों. इंग्लंडांत ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकांत पडशाच्या विषाणूंचे थेंब सोडण्यांत आले. त्यापूर्वीं प्रत्येकाच्या मनावर किती ताण आहे हें प्रश्न विचारून नोंदून ठेवलें होतें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांच्या मनावर ताण अधिक होता त्यांच्यांत पडसें होणाऱ्यांचें प्रमाणहि अधिक होतें. दुसरा प्रयोग तर विद्यार्थ्यांवरच झाला. अमेरिकेंतील ओहायो येथें दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूस दोन वेळां एक बारीकशी जखम करण्यांत आली. एकदां उन्हाळ्याच्या सुटींत, व एकदां परीक्षेच्या तीन दिवस अगोदर. परीक्षेच्या वेळची जखम भरून येण्यास सरासरीनें तीन दिवस अधिक लागले, आणि अकरांपैकीं एकाचीहि जखम सुटींतल्याइतकी लवकर भरली नाहीं. हा प्रयोग १९९८ सालचा. अकरा ही संख्या लहान आहे खरी. पण तेंच तोंड, तीच जखम, आणि फरक काय तो परीक्षेचा, हें पाहून मी तरी कांहीं वेळ पुस्तक मिटून स्वस्थ बसलों.

येथें एक सावधगिरीची गोष्टहि सांगितली पाहिजे. जठरांतील व्रण हा काळजीचाच रोग, असें पुष्कळ डॉक्टर कित्येक वर्षें मानीत असत. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल ह्यांनीं जठरांतील हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु वेगळा काढून वाढविला, आणि माणसांच्या बहुतेक व्रणांच्या मुळाशीं हा जंतु असतो असें पुढें सिद्ध झालें. मार्शल ह्यांनीं तर १९८४ सालीं तो जंतु स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. जो रोग जंतुनाशक औषधानें बरा होतो, तो "काळजी सोडा" ह्या उपदेशानें बरा होत नव्हता ह्यांत नवल तें काय? तेव्हां प्रत्येक दुखण्यावर मनाचा शिक्का मारून मोकळें होऊं नये. त्या मुलाच्या आईनें प्रथम डॉक्टर गांठला, हेंच योग्य केलें.

आतां प्रश्न उरतो तो हा कीं, बैल गेला आहे हें शरीरास कळवावें कसें?

हृदयास "सावकाश चाल" असें सांगून तें ऐकत नाहीं. जठरास विनविलें तरी तें हलत नाहीं. ह्या सर्व गडबडींत आपल्या इच्छेच्या ताब्यांतलें एक दार सहज उघडतें, तें श्वासाचें. श्वास घेतांना हृदयाची गति किंचित् वाढते व सोडतांना किंचित् मंदावते. मेंदूपासून निघून हृदय व पोटापर्यंत गेलेला व्हेगस नांवाचा मज्जातंतु शरीरास विसांव्याची आज्ञा देतो, आणि श्वास सावकाश सोडल्यानें त्याचा अंमल वाढतो. म्हणून ताठ परंतु सैल बसावें. मनांत चार अंक मोजीत नाकानें श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा, आणि मध्यें कोंडूं नये. मिनिटास सहा श्वास ह्या मानानें पांच मिनिटें पुरेत. प्राणायामाचा अभ्यास आपल्या देशांत प्राचीन आहे. त्याची यंत्रांच्या साह्यानें परीक्षा करण्याचें काम स्वामी कुवलयानंद ह्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून हातीं घेतलें, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. मात्र पूर आल्यावर पोहावयास शिकूं नये. हा अभ्यास रोज करावा, म्हणजे परीक्षेच्या सकाळीं तो उपयोगीं पडतो.

दुसरा उपाय शरीराच्याच मनांतला आहे. त्यानें पळण्यासाठीं साखर काढून ठेविली आहे, तर पळावें. दोरीवरच्या उड्या, खोखो, सायकल, नाहीं तर नदीपर्यंत जाऊन येणें, कांहींहि चालेल. आणि येथें मला आम्हां शिक्षकांबद्दल तक्रार केली पाहिजे. परीक्षा जवळ आली कीं आम्ही प्रथम कोणता तास बुडवितों? खेळाचा. ज्या महिन्यांत मुलांस धांवण्याची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यांत आम्ही त्यांस बांकावर खिळवून ठेवतों, आणि मग त्यांचें लक्ष लागत नाहीं म्हणून रागावतों. हा अपराध मींहि वर्षानुवर्षें केला आहे. खेळाच्या तासाला सोडविलेलीं माझीं उदाहरणें कोणाच्या लक्षांत राहिलीं असतील असें मला वाटत नाहीं.

झोंपेविषयीं पालकांशीं माझें नेहमीं भांडण होतें. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोंप हवी, असें झोंपेचा अभ्यास केलेले डॉक्टर सांगतात. दिवसां वाचलेलें मेंदूंत पक्कें बसण्याचें काम पुष्कळ अंशीं झोंपेंतच होतें. रात्रीं दोन वाजेपर्यंत दिवा जळतो म्हणून अभिमान बाळगणाऱ्या घरांत धान्य आणलें जातें, पण कोठींत भरलें जात नाहीं. निजण्यापूर्वीं तासभर मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवावा. हा नियम मुलांप्रमाणें वडिलांसहि लागू असावा, नाहीं तर तो टिकत नाहीं.

आणखी एक उपाय आहे, आणि तो मला एका क्रूर प्रयोगांतून समजला. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत जे वाइस नांवाच्या शास्त्रज्ञानें दोन उंदरांस एकाच वेळीं विजेचे सारखेच झटके दिले. एकास चाक फिरवून ते झटके थांबवितां येत. त्यानें थांबविले कीं दुसऱ्याचेहि थांबत, परंतु दुसऱ्याच्या चाकाचा कांहीं उपयोग होत नसे. त्रास दोघांस तेवढाच. पण जठरांत व्रण अधिक झाले ते दुसऱ्यास. आपल्या हातीं कांहीं तरी आहे, एवढ्यानेंच दुःखाचें विष पुष्कळ उतरतें. म्हणून काळजी मनांत फिरवीत बसूं नये. ती कागदावर लिहावी, आणि तिच्यांत आज आपल्याला काय करतां येईल एवढेंच वेगळें काढावें. "गणित अवघड आहे" ही धास्ती. "आज वर्गसमीकरणांचीं पांच उदाहरणें" हें चाक. पालकांनींहि मुलाचें वेळापत्रक स्वतः आंखून त्याच्या हातीं देऊं नये. त्यानें आंखलेलें थोडें वांकडें असलें तरी त्याचें असतें.

त्या मुलाच्या बाबतींत मीं प्रथम तेंच केलें. चांचणीचा वार वर्गानेंच ठरवावा असें सांगितलें, आणि ज्या वर्गासमोर त्याला हंसें केलें होतें त्याच वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तें सोपें गेलें नाहीं. मग घरची हकीकत समजली. वडील परगांवीं नोकरीस. दर सोमवारीं रात्रीं ते फोन करीत, आणि पहिला प्रश्न गुणांचा. वडील कांहीं दुष्ट नव्हते. घरापासून दूर, दोन दोन पाळ्या करणाऱ्या त्या माणसास मुलाविषयीं दुसरें काय विचारावें हेंच सुचत नसे. आईनें त्यांना समजाविलें. पुढें ते विचारूं लागले, "आज काय जेवलास? कोणाबरोबर खेळलास?" गुण मुलगा आपण होऊन सांगे, कधीं सांगत नसे. पोटदुखी एका दिवसांत गेली नाहीं. सहामाही परीक्षेपर्यंत ती अधूनमधून येतच राहिली.

पालकांनो, एवढ्यानें भागत नाहीं अशा कांहीं खुणा आहेत, त्या ओळखून ठेवाव्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास राहिलें, झोंप व जेवण तुटलें, आवडते सोबती नकोसे झाले, तर उपदेश थांबवून डॉक्टरांकडे जावें. जगण्यांत अर्थ नाहीं असें त्यानें एकदां जरी बोलून दाखविलें, तरी तें थट्टेवारी नेऊं नये, त्याला एकटें सोडूं नये, आणि त्याच दिवशीं मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारनें टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांहि विनामूल्य बोलतां येतें, आणि मराठींतहि बोलतां येतें. हाड मोडलें तर आपण शेजाऱ्यांपासून लपवीत नाहीं. मग मन थकलें हें तरी कां लपवावें, हें मला समजत नाहीं.

तो मुलगा आतां महाविद्यालयांत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत तो व त्याची आई मला भेटावयास आलीं. "सर, तोंडी परीक्षेच्या दिवशीं पोट अजूनहि दुखतें," तो म्हणाला. "पण आतां मी त्याला सांगतों, बाहेर बैल नाहीं, परीक्षक आहेत."

"मग थांबतें का?" मीं विचारलें.

"थोडें थांबतें," तो म्हणाला, आणि आईनें आणलेला करंज्यांचा डबा त्यानें माझ्यापुढें केला.